मल्टिकोअर केबलसाठी कंड्युट (केबल ज्यातून ओढतात तो पाइप) कितीचा घ्यावा?

कोअर, म्हणजे केबलच्या आतल्या वेगवेगळ्या तारा, मोजत बसू नका. तीन कोअरची असो वा सात, बाहेरच्या आवरणासकट ती एकच केबल धरायची आणि व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजायचा. चपटी असेल तर रुंद बाजू हाच व्यास.

प्रत्येक व्यासाचा वर्ग करून बेरीज करा. एनईसी या अमेरिकन विद्युत संहितेच्या नियमानुसार एकच केबल असेल तर बेरजेला 0.53 ने भागा, दोन असतील तर 0.31 ने, तीन किंवा जास्त असतील तर 0.40 ने. उत्तराचे वर्गमूळ म्हणजे पाइपचा किमान आतला व्यास. 10 मिमीच्या तीन केबल: 300 ÷ 0.40 = 750, म्हणजे 27.4 मिमी.

इथेच गल्लत होते. आपल्याकडे पीव्हीसी पाइपवरचा 25, 32 हा आकडा बाहेरचा असतो. आतला व्यास जाडीनुसार कमी भरतो. शिवाय सारख्या तीन केबल असताना पाइपचा आतला व्यास केबलच्या 2.8 ते 3.2 पट आला, तर केबल बेंडमध्ये (पाइपच्या वळणात) एका रांगेत येऊन पाचरीसारख्या अडकतात, मग कितीही ओढा. म्हणून वरच्या उदाहरणात 32 चा पाइप काठावरचा. सरळ 40 चा टाकावा. दोन ओढपेट्यांमध्ये (केबल ओढण्यासाठी मध्ये बसवलेले बॉक्स) काटकोनी बेंड चारपेक्षा जास्त नकोत.