गॅलरीतली बाग: आधी पाण्याची वाट, मग झाडं

इमारतीत राहून गॅलरीत बाग करायची ठरवली की पहिला सल्ला शेजारून येतो, दुसरा वरून आणि पहिली तक्रार खालून. तक्रार सहसा झाडांबद्दल नसते. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेल्या मातकट थेंबांची असते, छताला आलेल्या ओलीची असते, नाहीतर नव्या रंगावर उतरलेल्या तपकिरी ओघळांची. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे: आधी पाणी कुठून जाणार ते बघायचं, मग वजन, मग ऊन आणि माती. रोपं सगळ्यात शेवटी.

एक बादली ओतून बघा

गॅलरी पूर्ण रिकामी करून झाडून घ्या. पाणी जायच्या जाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात अर्धी बादली पाणी ओता आणि तिथेच उभं राहून बघा. उतार बरोबर असेल तर पाणी आपसूक जाळीकडे सरकतं आणि थोड्या वेळात फरशी नुसती ओलसर उरते. कुठे डबकं राहिलं तर त्या जागी खडूने खूण करा. तिथे कुंडी ठेवायची नाही. पाणी उलट खोलीच्या उंबऱ्याकडे येत असेल तर मात्र बाग थांबवा आणि आधी फरशीचं काम करून घ्या. कुंड्या मांडून झाल्यावर हे काम कुणी करत नाही.

मग जाळीखालचं पाणी पुढे कुठे जातं ते बघा. उभ्या पाइपला जोडलेलं असेल तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी भिंतीतून नुसतं एक नळकांडं बाहेर काढलेलं असतं आणि आपलं प्रत्येक थेंबभर पाणी थेट खालच्या मजल्यावर पडतं. तुमच्याकडे तसं असेल तर प्रत्येक कुंडीखाली ताटली हवीच, त्याला अपवाद नाही.

खालच्या घरी एकदा जाऊन तुमच्या गॅलरीखालचं छत बघून या. आधीचे डाग असतील तर त्यांच्यासमोरच फोटो काढा आणि दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. पुढे ‘हे तुमच्यामुळेच झालं’ असा विषय निघाला तर कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. छताला पोपडे सुटलेले असतील किंवा पांढरे क्षार फुटलेले असतील तर पाणी आधीपासूनच मुरतंय असं समजा. फरशीचे सांधे भरून, गरज असेल तर वॉटरप्रूफिंग करून मगच पुढे जा.

हे सगळं नीट असलं तरी कुंडी फरशीवर टेकवून ठेवू नका. खाली स्टँड, विटेचे तुकडे, काहीही चालेल, पण बोटभर फट हवी. कुंडीच्या बुडाखालची फरशी कायम ओली राहिली की सांधे तिथूनच उघडतात, आणि ती जागा आपल्याला कधी दिसतही नाही. जाळीवर आणखी एक बारीक जाळी टाका; वाळकी पानं आणि माती अडकून गॅलरीचं तळं व्हायला एक जोराचा पाऊस पुरतो.

वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बागेतली साधी माती भिजली की लिटरला पावणेदोन-दोन किलोपर्यंत भरते. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते, म्हणजे पाणी घातल्यावर ती एकटी २५ ते ३० किलोंची होते. अशा दहा कुंड्या म्हणजे तीनचार धट्टीकट्टी माणसं गॅलरीत कायमची उभी. बाहेर काढलेल्या गॅलरीवर सगळ्यात जास्त ताण टोकाला ठेवलेल्या वजनाचा येतो, म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीलगत आणि हलक्या कठड्याकडे ठेवा. गॅलरीला तडे असतील, लोखंडाचा गंज फुगून काँक्रीट सुटत असेल तर तिथे एकही कुंडी नको. आधी जाणकार अभियंत्याला दाखवा.

कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, तारेने बांधून सुद्धा नाही. टांगायचीच असेल तर कठड्याच्या आतल्या बाजूला.

सल्ला घेण्याआधी ऊन बघा

‘आमच्याकडे टोमॅटो भरभरून येतात, तुमच्याकडे का नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडेच असतं. एकाच मजल्यावरच्या दोन गॅलऱ्यांना वेगवेगळं ऊन मिळतं. समोरची इमारत, वरचा छज्जा, दिशा, सगळ्याने फरक पडतो. सुट्टीच्या दिवशी दर तासाला डोकावून बघा आणि थेट ऊन किती तास पडतं ते लिहून ठेवा. ऋतू बदलला की पुन्हा एकदा बघा, कारण सूर्याची वाट सरकते.

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी यांचा विचार करा. तीन-चार तासांत पालक, मेथी, पुदिना बरे येतात. पुदिन्याला मात्र स्वतंत्र कुंडी द्या, तो जमिनीखालून पसरून बाकीच्यांना जागाच ठेवत नाही. थेट ऊन नसेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट अशी पानांची झाडं. शेजाऱ्यांचा सल्ला ऐकताना त्यांना आधी ‘तुमच्याकडे ऊन किती तास?’ हे विचारा आणि मग त्या सल्ल्याचं काय करायचं ते ठरवा. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचाही हिशोब धरा. वाऱ्याने कुंड्या उन्हाइतक्याच भराभर सुकतात आणि उंच, नाजूक झाडं मोडतात.

भिंतीवर टांगायच्या खिशांच्या ‘व्हर्टिकल गार्डन’बद्दल मला स्वतःला फारसं प्रेम नाही. मूठभर माती दिवसभरात कोरडी पडते, आपण रोज पाणी घालतो आणि ते भिंतीतून उतरतं. फोटो छान येतो, भिंत खराब होते.

कुंडी भरताना

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे टाकले की निचरा चांगला होतो, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. उंची वाढली की जास्त पाणी उतरतं, आणि तळाशी एक ओला पट्टा तरीही उरतोच. कुंडीचंही तसंच. एकाच मिश्रणाच्या उथळ आणि खोल कुंडीत तळाचा ओला पट्टा जवळपास सारख्याच उंचीचा असतो. उथळ कुंडीत तो अर्धी कुंडी व्यापतो आणि मुळं कुजतात. म्हणून खोल कुंडी घ्या, तळाला पुरेशी छिद्रं आहेत ना ते बघा, आणि छिद्रांवर खड्यांऐवजी जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही.

मिश्रणासाठी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घ्या. नुसत्या मातीपेक्षा हे उचलताना जाणवण्याइतकं हलकं असतं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजली की ८ ते १० लिटर होते, म्हणून टब मोठा घ्या. भिजवलेलं कोकोपीट दोन-तीनदा पाणी बदलून पिळून काढा, त्यात क्षार असू शकतात. खत अर्धवट कुजलेलं असेल, वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर ते वापरू नका. मुळं जळतात, आणि वास सगळ्या मजल्याला लागतो. कुंडी काठोकाठ भरू नका. वर दोन बोटं जागा सोडली की पाणी घालताना माती बाहेर सांडत नाही, आणि खालच्यांच्या चादरीवर चिखलाचे ठिपके पडत नाहीत.

पाणी

रोज ठरावीक वेळी ठरावीक तांब्या ओतणं ही सवय सोडा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर झारीने अर्धं पाणी घाला, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग उरलेलं घाला. एकदम ओतलेलं पाणी बाजूने निसटून थेट खाली जातं. दोनदा घातलेलं मुरतं.

कोकोपीट जास्त असलेली कुंडी पूर्ण सुकली की एक गंमत होते. पाणी घातल्याबरोबर ते छिद्रांतून वाहतं, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं, आणि संध्याकाळी पानं मलूल दिसतात. कुंडी उचलून बघा, हलकीच लागेल. सुकलेलं मिश्रण आक्रसून कडेने फट पडते आणि पाणी तिथून पळतं. अशी कुंडी अर्धा तास टबात ठेवा, खालून पाणी ओढू द्या, निथळू द्या आणि मग जागेवर न्या.

मातीवर पांढरा थर दिसायला लागला की तो खताचा किंवा जड पाण्याचा क्षार असतो. भरपूर पाणी घालून तो धुऊन काढावा लागतो, पण हे काम न्हाणीघरात करायचं, गॅलरीत नाही.

ताटलीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्या. आठवड्यातून एकदा ताटली घासून धुवा, नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठलेल्या पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. कोरडी पडली तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बागेमुळे डास झाले, ही शेजाऱ्यांची तक्रार अनेकदा खरीच असते.

फांद्यांची देवघेव

मनी प्लांटची फांदी घेताना पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली कापा. मुळं पेरातूनच फुटतात, नुसतं पान पाण्यात ठेवून काही होत नाही. एक पेर पाण्यात, पानं बाहेर, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं; दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट हवा असेल तर पान मागू नका. पानाच्या तुकड्यापासून येणारं रोप बहुधा नुसतंच हिरवं निघतं. कंदासकट कोंब वेगळा करून घ्या.

दुसऱ्याकडून आलेली कुंडी दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने बराचसा निघतो. त्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब घालून फवारा. तेल आधी साबणात फेटा, नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतं. आधी एका पानावर मारून एक दिवस बघा. कडक उन्हात फवारलं तर पानं करपतात, म्हणून संध्याकाळी फवारा, आणि उमललेल्या फुलांवर नको, तिथे मधमाश्या येतात. वारा असेल, खाली कपडे वाळत असतील तर फवारणी उद्यावर टाका. छोटी कुंडी असेल तर सरळ न्हाणीघरात नेऊन फवारा.

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, पाइपाच्या सांध्यात वड-पिंपळाचं रोप दिसलं तर ‘आपोआप आलंय, राहू दे’ म्हणू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि मुळं भेगा रुंदावत जातात. दोन-चार पानं असतानाच ते मुळासकट निघतं. वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. हात बाहेर काढून ओढाताण मात्र करू नका, दोरीची सोय असलेल्या कामगाराला बोलवा.

बाहेरगावी जाताना

शेजारच्या काकूंना ‘झाडांना पाणी घालाल ना?’ एवढंच सांगितलं तर त्या प्रेमाने रोज घालतील, आणि परत आल्यावर अर्धी झाडं कुजलेली मिळतील. प्रत्येक कुंडीवर कागदी टेप लावून लिहा: ‘३ दिवसांनी १ मग’, ‘आठवड्याला अर्धा मग’, ‘अजिबात नको’. मापाचा तो मग आणि झारी तिथेच ठेवा. सगळ्या कुंड्या भिंतीलगत सावलीत एकत्र आणल्या की पाणी कमी लागतं आणि काकूंनाही वाकून शोधावं लागत नाही. चार-पाच दिवसांचाच प्रश्न असेल तर पाण्याच्या झाकणबंद डब्यातून पॉलिएस्टरची विणलेली दोरी कुंडीत खोचा. सुती दोरी काही महिन्यांत कुजते. डबा कुंडीच्या पातळीला किंवा जरा खाली ठेवा. वर ठेवला तर पाणी उताराने सतत वाहून सगळा डबा एका रात्रीत रिकामा होऊ शकतो. जायच्या दोन दिवस आधी ही व्यवस्था लावून बघा, आणि ताटल्या रिकाम्या करूनच कुलूप लावा.