हरभऱ्यातील आनुवंशिक विविधता मोजताना या चुका टाळा

हरभऱ्याच्या तीस-चाळीस वाणांची चाचणी घेऊन उत्पादनाशी निगडित गुणांतील आनुवंशिक विविधता मोजणे हे काम कागदावर सोपे दिसते. चुकीचे मूळ बहुतेक वेळा पेरणीच्या दिवशी रानातच असते, आणि संगणक रानातला फरक मुकाट्याने वाणाच्या नावावर जमा करतो.

कोल्हापूर परिसरात चांगले रान आधी उसाला जाते. हरभरा बहुधा सोयाबीन निघाल्यावर पेरला जातो. त्यामुळे चाचणीच्या तुकड्यात एका बाजूला पाटाची ओल, दुसऱ्या बाजूला हलकी जमीन आणि शिरोळकडच्या भागात मध्येच क्षारपड पट्टा असे सगळे एकत्र सापडू शकते. पाटाकडून टोकाकडे ओल कमी होत असेल, तर एका पुनरावृत्तीचे (सर्व वाणांच्या एका पूर्ण संचाचे) सर्व वाफे पाटापासून सारख्या अंतरावर, म्हणजे पाटाला समांतर आले पाहिजेत. आखणी उलटी झाली, तर ओलीतला फरक त्रुटीत, म्हणजे वाणामुळे न आलेल्या चढउतारात, जाऊन बसतो आणि चांगला वाणही इतरांसारखाच दिसतो.

नमुन्याची पाच झाडे काढणीच्या दिवशी डोळ्यांना भरतील तशी निवडणे ही सवय मोडलीच पाहिजे. पेरणीनंतर महिनाभरात, कडेच्या ओळी सोडून, यादृच्छिक पद्धतीने झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. येथे मर रोगाचा एक फसवा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. रोगाला बळी पडणाऱ्या वाणाचा वाफा विरळ होतो, उरलेल्या झाडांना मोकळी जागा मिळून फांद्या वाढतात, आणि प्रति झाड घाट्यांची संख्या पाहता तोच वाण सरस ठरतो. म्हणून प्रति झाड उत्पादनाशेजारी वाफ्यातील झाडांची संख्या आणि संपूर्ण वाफ्याचे उत्पादन नोंदवलेले नसेल, तर त्या आकड्यावर निवड करू नये.

आता आकडेमोड. समजा, तीन पुनरावृत्तींच्या चाचणीत प्रति झाड उत्पादनासाठी विचरण विश्लेषणाच्या तक्त्यात वाणांचा वर्ग-मध्य (मीन स्क्वेअर) 46, त्रुटीचा 10 आणि सरासरी 15 ग्रॅम आहे. दोहोंतील फरकाला पुनरावृत्तींनी भागले, की आनुवंशिक विचरण, म्हणजे वाणांच्या जनुकीय फरकामुळे येणारा चढउतार, 12 येते. हा भागाकार विसरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्रुटी मिळवून दृश्य (प्रत्यक्ष दिसणारे एकूण) विचरण 22 होते. या दोन विचरणांची वर्गमुळे सरासरीच्या टक्केवारीत मांडली, की जीसीव्ही (आनुवंशिक विचरण गुणांक) सुमारे 23 टक्के आणि पीसीव्ही (दृश्य विचरण गुणांक) सुमारे 31 टक्के येतो. जीसीव्ही कधी पीसीव्हीपेक्षा मोठा आला, तर अर्थ शोधत बसू नये, सूत्र तपासावे. आनुवंशिक विचरण ऋण आले, तर ते शून्य धरावे.

याच आकड्यांवरून एका वाफ्याच्या आधारे आनुवंशिकता, म्हणजे दृश्य विचरणातील आनुवंशिक वाटा, सुमारे 55 टक्के येते, तर तीन वाफ्यांच्या सरासरीच्या आधारे 78 टक्के. प्रचलित वर्गवारीत 60 टक्क्यांच्या वर ‘उच्च’ म्हणतात. म्हणजे एकच चाचणी एका प्रबंधात मध्यम आणि दुसऱ्यात उच्च ठरू शकते. आधार कोणता, हे लिहिल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय एकाच ठिकाणच्या, एकाच हंगामाच्या चाचणीत वाण आणि हवामान यांची परस्परक्रिया वाणाच्याच खात्यात जाते, त्यामुळे आकडा फुगतो. फुलोऱ्याच्या दिवसांसारख्या गुणात आनुवंशिकता भरपूर असूनही अपेक्षित आनुवंशिक प्रगती (निवडीतून पुढच्या पिढीत मिळणारी सुधारणा) थोडी असू शकते, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.

पाथ विश्लेषणाबाबत, म्हणजे प्रत्येक गुणाचा उत्पादनावरील थेट आणि अप्रत्यक्ष परिणाम वेगळा करण्याच्या पद्धतीबाबत, माझे मत थोडे कडक आहे. एकूण जैविक उत्पादन (झाडाचे दाण्यासह एकूण वजन) आणि कापणी निर्देशांक (त्यातील दाण्याचा वाटा) या दोहोंचा उत्पादनावर सर्वाधिक थेट परिणाम आढळला, असा निष्कर्ष वारंवार लिहिला जातो. पण दाण्याचे उत्पादन हे व्याख्येनेच त्या दोहोंच्या गुणाकाराएवढे असते. तो गणिताचा परिणाम आहे, शोध नव्हे. घाट्यांची संख्या, प्रति घाटा दाणे आणि शंभर दाण्यांचे वजन यांनाही हेच थोड्या सौम्य प्रमाणात लागू पडते. हे तीन गुण एका विश्लेषणात घ्यावेत, जैविक उत्पादन आणि निर्देशांक दुसऱ्यात. घाट्यांची संख्या वाढवताना दाण्याचे वजन घटते का, हा सहसंबंध मात्र आवर्जून पाहावा, कारण टपोऱ्या दाण्याला बाजारात वेगळा भाव मिळतो.

विजय, दिग्विजय यांसारखे देशी वाण आणि विराटसारखा काबुली वाण एकाच यादीत घातले, तर शंभर दाण्यांच्या वजनातील विविधता प्रचंड दिसते. त्यातील बराच भाग दोन गटांमधला असतो. देशी वाणांच्या आत निवडीला किती वाव आहे, हे त्यावरून कळत नाही. दोन्ही गटांचे विश्लेषण स्वतंत्र करावे, आणि वजन घेण्यापूर्वी सर्व नमुने सारखे वाळवावेत. घाटे अळीने पोखरलेले दाणे त्या शंभरात मोजू नयेत. मात्र पोखरलेल्या घाट्यांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी.