हॉटेल की भाड्याचे घर? मुक्काम ठरवताना या चुका टाळा

प्रवासात हॉटेलात उतरावे की कोणाचे खासगी घर काही दिवसांसाठी भाड्याने घ्यावे, हा प्रश्न बहुतेक जण फोटो आणि रात्रीचा दर पाहून सोडवतात, आणि पहिली गल्लत तेथेच होते. पलंग, पंखा, स्नानगृह दोन्हीकडे सारखेच असू शकते. फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर. हॉटेलात गरम पाणी बंद झाले तर खाली काउंटरवर माणूस असतो आणि त्याच्याकडे बहुधा दुसरी रिकामी खोलीही असते. खासगी घरात आपल्या हाती एक फोन नंबर असतो आणि तो त्या वेळी लागेलच असे नाही. म्हणून दर पाहण्याआधी, अडचण आली तर ती कोण आणि किती वेळात निस्तरणार, हे स्वतःला विचारावे.

हे मला एका जिन्यात कळले. विमान मुळातच रात्रीचे होते, त्यात ते तासभर उशिरा उतरले आणि घराशी पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. दाराच्या चौकटीला चार आकडी कोडची छोटी किल्लीपेटी लावलेली होती, पण तिच्यावरचे सातचे बटण इतके झिजले होते की दाबले की ते आतच अडकून बसे. जिन्यातला दिवा दर मिनिटाला आपोआप विझत होता. तो पुन्हा लावायचा, नखाने बटण उचकटायचे आणि कोड पहिल्यापासून घालायचा, असे पाऊण तास चालले. घरमालकाचा फोन बंद होता. अखेर वरच्या मजल्यावरच्या एका रहिवाशाने कपाळाला आठ्या घालतच खाली येऊन त्या पेटीवर हातोडीच्या दांड्याने एक ठोसा दिला आणि ती उघडली. घर फोटोंपेक्षाही छान निघाले, ही गोष्ट वेगळी. पण अपरात्री पोहोचणार हे माहीत असताना पहिली रात्र हॉटेलात काढून सकाळी त्या घरात जाण्याचा साधा पर्याय मी विचारातच घेतला नव्हता.

रात्रीच्या दरावरून तुलना करणे

घराच्या भाड्यात साफसफाईचे शुल्क बहुधा एकदाच आकारले जाते, मुक्काम एका रात्रीचा असो वा दहा रात्रींचा. समजा रात्रीचा दर १०० आणि साफसफाईचे ६० आहेत. दोन रात्रींचे २६० होतात, म्हणजे प्रत्येक रात्र १३० ला पडते. दहा रात्री राहिल्यास एकूण १,०६० होतात आणि रात्र १०६ वर येते. यावर बुकिंगच्या संकेतस्थळाचे सेवाशुल्क आणि कर वेगळे. दोन रात्रींसाठी स्वस्त दिसलेले घर शेवटच्या पानावर हॉटेलाच्या पुढे जाते ते यामुळेच, आणि आठवड्याच्या मुक्कामाला किंवा सहा जणांच्या कुटुंबाला तेच घर सहज परवडते तेही यामुळेच.

हॉटेलेही या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाहीत. कोठे पार्किंगचे वेगळे पैसे असतात, कोठे नाश्त्याचे, तर कोठे ‘रिसॉर्ट शुल्क’ नावाची रक्कम बिलात शेवटी उगवते. अमेरिकेत हा प्रकार इतका वाढला की १२ मे २०२५ पासून हॉटेले आणि अल्पमुदतीची घरे या दोघांनाही सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आधीच दाखवणे बंधनकारक करण्यात आले. इतरत्र मात्र तुलना करायची ती पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानावरील एकूण रकमेचीच, आणि तीही तितक्याच माणसांसाठी व तितक्याच रात्रींसाठी. हॉटेल चेक-इनच्या वेळी कार्डावर काही रक्कम रोखून ठेवते, हेही ध्यानात असावे. डेबिट कार्ड दिल्यास ते पैसे खोली सोडल्यानंतरही काही दिवस अडकून राहू शकतात आणि ऐन प्रवासात खात्यात खडखडाट होतो.

ते घर भाड्याने देण्याची परवानगी आहे का, हे न पाहणे

संकेतस्थळावर जागा दिसते, त्याअर्थी ती कायदेशीरच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शहरागणिक नियम वेगळे आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने कडक झाले आहेत. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचे असल्यास यजमानाची, म्हणजे घर देणाऱ्याची, नोंदणी लागते, त्याला स्वतः त्या घरात राहावे लागते आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. अख्खा फ्लॅट आठवडाभरासाठी घेण्याचा प्रकार तेथे जवळजवळ संपला. जपानमध्ये जून २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार खासगी घर वर्षातून जास्तीत जास्त १८० दिवसच पाहुण्यांना देता येते. सिंगापूरमध्ये खासगी निवासी जागा तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देण्यास मनाई आहे. बार्सिलोनाने तर पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर केला.

दंड सहसा यजमानाला होतो, पण ऐनवेळी रद्द झालेले बुकिंग पाहुण्याच्या गळ्यात पडते. ‘कोणी विचारले तर मित्राकडे आलो आहे असे सांगा’ असा निरोप यजमानाकडून आला, तर ते घर तेथेच सोडून द्यावे. मग कितीही आवडलेले असो. जेथे नोंदणी सक्तीची आहे तेथे नोंदणी क्रमांक जाहिरातीत दिसला पाहिजे. दिसत नसेल तर विचारावा, आणि उत्तरात टाळाटाळ झाली तर आपल्याला उत्तर मिळाले असे समजावे.

तारे मोजणे आणि रिव्ह्यू न वाचणे

हॉटेलाचे तारे आणि घराचे तारे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हॉटेलाला तारे मिळतात ते लिफ्ट, रिसेप्शनच्या वेळा, खोलीचा आकार अशा सोयींवरून, आणि त्यासाठी जगभर एकच मापदंड नाही. एका देशातले तीन तारे दुसऱ्या देशात चार होऊ शकतात. घराचे तारे पाहुण्यांनी दिलेले असतात. एअरबीएनबी या खासगी घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावरील सहा लाखांहून अधिक जागांच्या २०१५ मधील एका अभ्यासात सुमारे ९५ टक्के जागांची सरासरी साडेचार किंवा पाच ताऱ्यांची आढळली होती. जेथे सगळेच पहिल्या वर्गात पास होतात, तेथे निकालपत्रावरून हुशार कोण हे कळत नाही. यामागे थोडी भीडही असते. ज्याच्या घरात राहिलो, ज्याच्याशी निरोपानिरोपी झाली, त्याला तीन तारे द्यायला हात धजत नाही. म्हणून माझ्या मते पाहुण्यांनी दिलेल्या ४.६ या सरासरीकडे घराच्या बाबतीत सावधपणे आणि हॉटेलाच्या बाबतीत कौतुकाने पाहावे.

तक्रार असते ती शब्दांत, आणि तीही मऊ करून सांगितलेली. ‘परिसर चैतन्यमय आहे’ म्हणजे रात्री झोप लागणार नाही. ‘थोडी चढण आहे, पण व्यायाम होतो’ म्हणजे मोठी बॅग वर नेताना दम लागेल. ‘यजमानांनी लगेच दखल घेतली’ हे वाक्य वारंवार आले, तर दखल घेण्यासारखे नेमके काय वारंवार घडते, तेही शोधावे. रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे वाचावेत आणि आपण ज्या ऋतूत जाणार आहोत त्या महिन्यांतले आवर्जून वाचावेत. हिवाळ्यात उबदार वाटलेली माळ्यावरची खोली उन्हाळ्यात भट्टी होते. नकाशाही काळजीपूर्वक पाहावा. घराचा नेमका पत्ता बहुधा बुकिंगनंतरच मिळतो आणि आधी फक्त एक वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाच्या एका टोकाला स्थानक आणि दुसऱ्या टोकाला महामार्ग असेल, तर घर स्थानकाच्याच बाजूला आहे असे मनाशी धरून चालू नये.

पैसे बाहेर देणे, मुदत चुकवणे

‘थेट खात्यात पैसे पाठवा, दहा टक्के कमी करतो’ हा प्रस्ताव कोणत्याही कारणाने स्वीकारू नये. पैसे संकेतस्थळाबाहेर गेले की त्याचे संरक्षणही गेले, आणि अस्तित्वातच नसलेल्या घरांची बहुतेक फसवणूक याच वाटेने होते. बुकिंग रद्द करण्याच्या मुदतीत लोक आणखी एका जागी फसतात, ती म्हणजे वेळ. ही मुदत सहसा मुक्कामाच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते. आपल्याकडे संध्याकाळ असताना तेथे तारीख बदलून गेलेली असू शकते.

पोहोचल्यावर काय करावे

बॅगा उघडण्याआधी फोनवर प्रत्येक खोलीचा छोटा व्हिडिओ घ्यावा. भिंतीवरचा डाग, फुटलेली काच, ओल, सगळे त्यात येते आणि नंतर अनामत रकमेवरून वाद झाल्यास हाच पुरावा कामी येतो. घर वर्णनाप्रमाणे नसेल तर यजमानाशी फोनवर कितीही गोड बोलणे झाले, तरी तक्रार त्या अ‍ॅपच्या निरोपांतच लिहावी. एअरबीएनबीच्या नियमांनुसार दोष लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावे लागते. ‘जाताना सांगू’ असे म्हणत चार रात्री त्याच घरात काढणाऱ्याला पैसे परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही.

गॅसवर चालणारा गिझर किंवा हीटर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे पाहिलेच पाहिजे. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीतील अशाच एका भाड्याच्या घरात तीन अमेरिकी पर्यटकांचा या वायूने मृत्यू झाला होता. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. कॅमेऱ्यांबाबत एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी घातली आहे. तेव्हा आत कॅमेरा आढळला तर त्याचा फोटो काढून, तो न हाताळता लगेच कळवावे.

हॉटेलात वेगळीच अडचण येऊ शकते. खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतल्यामुळे पक्के बुकिंग असूनही खोली मिळत नाही. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा तीन गोष्टी काउंटरवर शांतपणे मागाव्यात: त्याच दर्जाच्या दुसऱ्या हॉटेलात खोली, तेथवरच्या गाडीचे भाडे आणि फरकाची रक्कम. अनेक हॉटेले हे मुकाट्याने करतात, पण मागितल्याशिवाय नव्हे. यजमानाने ऐनवेळी घर रद्द केले तर संकेतस्थळाकडे पैसे परत मागण्याबरोबरच पर्यायी जागा शोधून देण्याची मागणीही करावी, आणि यजमानाच्या विनंतीवरून ‘रद्द’चे बटण स्वतः कधीही दाबू नये. ते बटण आपण दाबले की बुकिंग आपणच रद्द केल्याची नोंद होते आणि परतावा बुकिंगच्या अटींनुसार कापला जातो.