शिक्का मारण्याआधी: महापालिकेची मांस तपासणी सेवा कशी लावावी

मांस तपासणीची सेवा उभारायची असेल, तर सुरुवात पदांच्या यादीने करू नका. रोज किती जनावरं येतात आणि ती किती वाजता कापली जातात, हे आधी लिहून काढा. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टींवर ठरते.

समजा, महापालिकेच्या कत्तलखान्यात रोज 300 शेळ्या-मेंढ्या आणि 40 म्हशी-रेडे येतात. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार कत्तलीआधी एका पशुवैद्यकाने तासाला जास्तीत जास्त 12 आणि दिवसाला जास्तीत जास्त 96 जनावरं तपासायची असतात. 340 जनावरांना म्हणजे चार डॉक्टर लागले, आणि त्या चौघांनाही प्रत्येकी सात तास लागले. कत्तल पहाटे सुरू होते. त्यामुळे हे काम आदल्या दुपारीच उरकलं पाहिजे. पहाटे दारातून कळप आत जाताना बॅटरीच्या उजेडात बघून घेणं म्हणजे तपासणी नव्हे. जनावरं दुपारपर्यंत पोहोचतील अशी आवक बांधून घ्या आणि उशिरा आलेली गाडी दुसऱ्या दिवशीच्या यादीत टाका. यावर व्यापारी भांडतील, पण इथे एकदा सूट दिली की पुढचं सगळं ढासळतं.

विश्रांतीच्या जागेचा हिशेबही याच आकड्यांवरून निघतो. लहान जनावराला किमान 1.6 चौरस मीटर आणि मोठ्याला 2.8. म्हणजे 300 लहानांना 480 आणि 40 मोठ्यांना 112 चौरस मीटर लागतील. पाणी अखंड ठेवा, चारा मात्र कत्तलीआधी निदान 12 तास बंद करा. पोट भरलेलं असलं की ते काढताना फाटतं आणि शेण थेट मांसावर येतं.

कत्तलीनंतरच्या तपासणीला वेगळी माणसं हवीत. दुपारी सात तास उभा राहिलेला डॉक्टर पहाटे पुन्हा कत्तलीच्या ओळीवर उभा केला, तर त्याची सुरी चालते, पण नजर चालत नाही. वरच्या उदाहरणात पहाटे किमान तिघे लागतील: एक मुंडी आणि जिभेवर, एक आतल्या अवयवांवर, एक धडावर. रोजची सात पदं भरलेली ठेवायची, तर साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून नऊ-दहा डॉक्टर मंजूर करून घ्या. सात मंजूर झाले, तर प्रत्यक्षात पाचच हजर असतात.

आता हुकूम कोणाचा चालणार, ते ठरवा. कत्तलखाना महापालिका चालवते, रोगांचं काम पशुसंवर्धन विभागाकडे असतं आणि परवाना अन्न सुरक्षा कायद्याखाली मिळतो. दिवसाला 50 मोठी किंवा 150 लहान जनावरं ओलांडली की केंद्रीय परवाना लागतो, म्हणजे आपल्या उदाहरणात तोच लागेल. महापालिकेच्या आत मात्र एक रेघ पक्की ओढा: तपासणी करणारा डॉक्टर फी वसूल करणाऱ्या विभागाच्या हाताखाली नको. ओळ थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या आणि नाकारलेल्या मांसाचं अपील कोण, किती तासांत ऐकणार हेही त्याच आदेशात लिहा. हे लिहिलेलं नसलं की रोज सकाळी वाद घातला जातो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं मांस बाहेर जातं.

दुपारच्या तपासणीत आधी कागद बघा. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैस आणि पारडू यांच्यासाठी प्राणी रक्षण अधिनियमाखालचा दाखला लागतो. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांखालचं जनावर आत घ्यायचंच नाही. मग जनावर उभं असताना आणि चालताना, दोन्ही बाजूंनी बघा. लंगडतंय का, लाळ गळते का, श्वास जोरात आहे का, मागचा भाग शेणाने माखलाय का, ते पाहा. संशय आला की तापमान घ्या. बोकडाचं साधारण तापमान 39 ते 40 अंश सेल्सिअस असतं, पण लांबून आलेल्या दमलेल्या जनावराचं थोडं वाढलेलं दिसतं. त्याला सावलीत पाणी देऊन काही तासांनी पुन्हा मोजा.

विश्रांतीच्या जागेत जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, समजून चाला. ते धड कापायचं नाही. हवा लागली की जंतू बीजाणू धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं दूषित राहते. कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घ्या, कळप जागेवरच रोखा, पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा आणि चुन्यासह खोल पुरण्याची व्यवस्था करा. नमुने तपासायला पुण्यात औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

सर्वांत जास्त गडबड कत्तलीच्या ओळीवर होते. मुंडी एका व्यापाऱ्याची, वजडी दुसऱ्याची, कातडं तिसऱ्याचं, आणि प्रत्येकाला आपला माल आधी हवा असतो. धडापर्यंत डॉक्टर पोहोचतो, तोवर त्या धडाचं काळीज, म्हणजे यकृत, हातगाडीवरून गेलेलं असतं. काळजात काही सापडलं, तर ते कोणत्या धडाचं, हे मग सांगता येत नाही. म्हणून दुपारीच प्रत्येक जनावराला नंबर द्या. तोच नंबर मुंडीला, अवयवांच्या तबकाला आणि धडाला लावा, आणि निर्णय होईपर्यंत यातलं काहीही दारापलीकडे जाऊ देऊ नका. सेवेच्या प्रमुखाने स्वतः उभं राहून हा एक नियम पाळून घ्यावा.

तपासणीचा क्रम ठरलेला असू द्या. म्हशीच्या मुंडीत जबड्याखालच्या आणि घशामागच्या लसिका ग्रंथी कापून बघा. क्षयाच्या पिवळट, चुनखडीसारख्या गाठी तिथे सापडतात. गालाचे स्नायू जबड्याला समांतर चिरा. फुफ्फुस हाताने दाबत जा आणि दोन फुफ्फुसांमधल्या ग्रंथी चिरा. हृदयाची पिशवी उघडा. काळजाच्या पित्तनलिका आडव्या कापून दाबल्या की चपटे, पानासारखे यकृतकृमी बाहेर येतात. पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पिशव्या दिसल्या, तर त्या हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीच्या अळ्यांच्या. त्या जागेवर फोडू नका आणि आवाराबाहेर कुत्र्यांपुढे तर मुळीच टाकू नका, कारण या कृमीचं चक्र कुत्र्यातूनच पुढे चालतं. चरबी पिवळी दिसली, तर डोळ्याचा पांढरा भाग आणि स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, बघा. त्याही पिवळ्या असल्या, तर कावीळ समजा. शंका उरलीच, तर धड शीतगृहात राखून दिवसाच्या उजेडात पुन्हा बघा. पिवळ्या बल्बखाली नुसती पिवळी चरबी आणि कावीळ यांतला फरक कळतच नाही. म्हणून तपासणीच्या जागी पांढरा प्रकाश हवा, निदान 540 लक्स.

प्रत्येक तपासनिसाला दोन सुऱ्या आणि 82 अंश सेल्सिअस पाण्याची टाकी द्या. एक सुरी हातात, दुसरी पाण्यात. गाठ कापलेल्या सुरीनेच पुढचं धड चिरलं, तर रोग तपासनीसच पसरवतो.

निर्णय चारच: पास, काही भाग नामंजूर, पूर्ण नामंजूर, राखून ठेवलेलं. नामंजूर मांसाला कुलूपबंद खोली द्या आणि चिरा देऊन, फिनॉल व रंग ओतून ते खाण्यालायक राहणार नाही असं करा. नुसतं बाजूला ठेवलेलं नामंजूर मांस संध्याकाळपर्यंत गायब होतं. खाद्य रंगाचा शिक्का मांडी आणि खांद्यावर मारायचा. शिक्का डॉक्टरच्या ताब्यात राहील आणि पाळी संपली की सही घेऊन कपाटात जाईल.

नोंदवहीत जनावराचा नंबर, ते कुठल्या बाजारातून आलं, काय सापडलं आणि काय निर्णय झाला, एवढे रकाने पुरे. महिन्याच्या शेवटी बाजारानुसार बेरीज करा. एकाच बाजारातल्या मेंढ्यांत काळजातले कृमी वारंवार दिसत असतील, तर ती यादी त्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे पाठवा, म्हणजे जंतनाशक कुठे आधी द्यायचं ते त्याला कळेल.