भंगारातला थिन क्लायंट आणि लिनक्सची पहिली शिकवणी

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याच्या, कामात शिरू पाहणारी मुलं विचारतात, ‘लिनक्स शिकायला लॅपटॉप कोणता घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. लॅपटॉप आहे तो असू द्या, आधी एखादा जुना थिन क्लायंट मिळतो का बघा. बँका, कॉल सेंटर, सरकारी कार्यालयं यांच्या टेबलावर हा छोटा डबा वर्षानुवर्षं असतो. खरं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं, हा फक्त पडदा दाखवतो आणि कीबोर्डचं ऐकतो. कार्यालयाने यंत्रं बदलली की हे डबे ढिगाने भंगारात येतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे चक्कर मारली की अंदाज येतो.

असल्या डब्यावर कंपनीने न ठरवलेली ऑपरेटिंग प्रणाली चढवायची खोड जुनी आहे. अमेरिकेत ऑस्टिनच्या नेटप्लायन्स कंपनीने ‘आय-ओपनर’ नावाचं इंटरनेटपुरतं यंत्र काढलं होतं. 180 मेगाहर्ट्झचा विनचिप प्रोसेसर, 32 एमबी रॅम, 16 एमबी फ्लॅश (डिस्कऐवजीची साठवण) आणि आत क्यूएनएक्स प्रणाली. किंमत 99 डॉलर, म्हणजे तोट्यातच, कारण वसुली दरमहा वर्गणीतून होणार होती. 2000 च्या मार्चमध्ये लास वेगासच्या केन सेगलर या स्लॉट मशीनच्या अभियंत्याने दाखवून दिलं, की आतल्या बोर्डावर डिस्कसाठीची आयडीई जोडणी आहे आणि केबलमध्ये थोडा फेरफार केला की हार्ड डिस्क बसते. मग लोक वर्गणी न घेता नुसतं यंत्रच उचलायला लागले. कंपनीने अटी बदलल्या, हार्डवेअरही बदललं, पण धंद्याचं गणित चुकलेलंच होतं.

तुमच्यासाठी प्रश्न साधा आहे: घेताना काय बघायचं? पहिलं म्हणजे अ‍ॅडॉप्टर. डबा स्वस्तात मिळतो, पण त्याचा 12 किंवा 19 व्होल्टचा नेमक्या पिनेचा अ‍ॅडॉप्टर शोधताना जीव जातो. दुकानातच चालू करून घ्या. दुसरं, बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, पासवर्ड आहे का. कार्यालयातून आलेल्या यंत्रांना बहुतेकदा असतोच. रॅम 1 जीबी असली तर उत्तम, 512 एमबीतही भागतं.

प्रोसेसर 32 बिटचा की 64 चा, हे मात्र विक्रेत्याला विचारू नका. 32 बिटचं कुठलंही लाइव्ह (न चढवता चालणारं) लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून प्रोसेसरची माहिती देणारी ‘सीपीयूइन्फो’ (/proc/cpuinfo) फाइल उघडा आणि फ्लॅग्जच्या ओळीत ‘एलएम’ (lm) शोधा. सापडलं तर 64 बिट. हे महत्त्वाचं, कारण डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने 2025 च्या 13 व्या आवृत्तीपासून 32 बिटचा इन्स्टॉलरच बंद केला. 32 बिटवाल्यांना डेबियन 12, अँटिएक्स, अल्पाइन किंवा टायनी कोअर असे पर्याय उरतात. टायनी कोअरची खिडक्या दाखवणारी आवृत्तीसुद्धा 25 एमबीच्या आसपास असते. मी नवख्यांना अल्पाइन देतो. तीत सगळं आयतं नसतं, म्हणूनच.

चढवणं हा भाग लोक समजतात त्याहून किरकोळ आहे. पेनड्राइव्हवर अल्पाइनची प्रतिमा (आयएसओ फाइल) लिहायची, बायोसमध्ये यूएसबी आधी करायचं, ‘रूट’ (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आत शिरायचं आणि ‘सेटअप-अल्पाइन’ चालवायचं. प्रश्न विचारले जातात, उत्तरं द्यायची. फक्त डिस्कच्या प्रश्नावर थांबा. ‘सिस’ निवडलं तर प्रणाली नेहमीसारखी फ्लॅशवर बसते. ‘डिस्कलेस’ ठेवलं तर ती दरवेळी रॅममध्ये उतरते आणि तुम्ही केलेले बदल ‘एलबीयू कमिट’ दिल्याशिवाय पुढच्या वेळी राहत नाहीत. मी दुसरा प्रकार करायला लावतो. चालू असलेली मांडणी वेगळी आणि जपून ठेवलेली वेगळी, हे तिथे हाताला कळतं. पुढे नोकरीत नेटवर्क स्विच हाताळताना नेमका हाच फरक समोर येतो.

खरी शिकवणी सुरू होते ती काहीतरी अडल्यावर. एका मुलाच्या डब्यावर पिंग जात होतं (म्हणजे दूरचं यंत्र उत्तर देत होतं), सर्व्हरचं नाव सापडत होतं, पण सॉफ्टवेअरचं पॅकेज काही उतरेना, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक दाखवत होतं. त्याने राउटर बदलून पाहिला, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदललं, मिरर, म्हणजे पॅकेज जिथून उतरतं तो सर्व्हर, तोही बदलला. मी म्हटलं, ‘अरे, तारीख बघ.’ डबा कित्येक वर्षं मागे होता. आतला सीआर2032 सेल संपलेला, त्यामुळे वीज काढली की घड्याळ मागे जायचं, आणि त्या तारखेला सर्व्हरचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. नवा सेल, ‘डेट’ने वेळ लावणं, ‘एचडब्ल्यूक्लॉक’ने ती हार्डवेअरमध्ये लिहिणं आणि पुढची काळजी नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या ‘क्रोनी’कडे. नंतर मुलाखतीत त्याला विचारलं, ‘नेटवर्क चालू आहे, तरी एचटीटीपीएस चालत नाही, काय तपासाल?’ पुस्तक वाचून आलेले अडखळतात, हा अडखळला नाही.

म्हणून वही ठेवा. कोणती आज्ञा दिली, काय संदेश आला, त्यावरून काय वाटलं आणि शेवटी कारण काय निघालं. बायोडेटात ‘लिनक्सचं ज्ञान’ असं लिहिण्यापेक्षा यातली दोन प्रकरणं नीट सांगता आली तर समोरचा माणूस पुढे सरकून बसतो.

अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवा. अशा डब्यावर आजचा ब्राउझर आणि यूट्यूब यांचा हट्ट धरू नका, चिडचिड होईल. चढवून झालं की मॉनिटर काढा, डबा राउटरशेजारी ठेवा आणि लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित मार्गाने, आत जा. एसएसएचच्या किल्लीने (पासवर्डऐवजी वापरायच्या फाइलने) प्रवेश सुरू करा, मग पासवर्डचा बंद करा. क्रम उलटा केलात तर मॉनिटर पुन्हा जोडावा लागेल. घरापुरता डीएनएस चालवायला ‘डीएनएसमास्क’ हा छोटा प्रोग्राम पुरतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि एकदा मुद्दाम चालत्या डब्याची पिन ओढून बघा. डिस्कलेस असेल तर तो निमूट परत उभा राहतो. ‘सिस’वाल्याने मात्र लगेच लॉग उघडून फाइलसिस्टिमबद्दल काय लिहिलंय ते वाचावं.