अवतरणचिन्हांत अडकलेली ‘चादर’

सोलापुरातील एका चादर कारखान्याचे पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि डॉक्ट्रिन (डेटाबेसमधील नोंदी कोडमधून हाताळणारी लायब्ररी) यांवर बांधलेले सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कारखान्यात टॉवेलही सुरू झाल्यावर मी ‘चादर’ या एंटिटीचे (डेटाबेसमधील नोंदीचे कोडमधील रूप असलेल्या वर्गाचे, म्हणजे क्लासचे) नाव ‘प्रॉडक्ट’ केले. एडिटरने ते सर्वत्र बदलले, मात्र गेट-रिपॉझिटरीला (एंटिटीच्या नोंदी शोधून देणारी ‘रिपॉझिटरी’ मिळवणाऱ्या फंक्शनला) अवतरणचिन्हांत दिलेले जुने नाव तसेच राहिले आणि महिनाअखेरचा साठा-अहवाल ऐन वेळी बंद पडला. त्या जागी मी वर्गाच्या नावानंतर डबल कोलन देऊन ‘क्लास’ लिहिले. ही सोय पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे; ती मी इतकी वर्षे वापरली नव्हती, हे कबूल करतो. ही रचना नेमस्पेससह (वर्ग ज्या गटात आहे त्या गटाच्या नावासह) पूर्ण नाव देते, पण तो वर्ग खरोखर अस्तित्वात आहे का हे पाहत नाही, म्हणून कोड न चालवता त्यातील चुका शोधणारे पीएचपीस्टॅन हे साधनही चालवतो. अहवालाच्या वर्गात तर आता रिपॉझिटरीच कन्स्ट्रक्टरमधून (वर्गाचा ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमधून) येते.