कानाचं काम: सांगलीतून लीगल ट्रान्सक्रिप्शन

टायपिंगच्या इंग्लिश फॉर्टी परीक्षेचं (मिनिटाला ४० शब्द) सर्टिफिकेट हातात आलं की मुलंमुली विचारतात, घरबसल्या कोर्टाच्या टायपिंगचं काम मिळेल का? मिळतं. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं हे काम, त्यालाच लीगल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. मी आधी विजयनगरला कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आता काही वर्षं घरूनच हे काम करते. पण टायपिंगच्या परीक्षेत मजकूर डोळ्यांसमोर असतो, इथे फक्त आवाज असतो. वेग हवाच, तो सरावाने येतो. पैसे मात्र कानाचे मिळतात, आणि जे ऐकलं ते सुधारायचा मोह आवरण्याचे.

आपल्या कोर्टात साक्ष नोंदवताना पाहिलं असेल तर ते थोडं विसरावं लागतं. वकील उलटतपासात प्रश्न टाकतो, साक्षीदार आढेवेढे घेत बोलतो, न्यायाधीश त्याचं सार स्टेनोला सांगतात आणि कागदावर उमटतं, ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून या शब्दांत कधीच निघालेलं नसतं. घरबसल्या मिळणारं काम अमेरिकेतलंही असतं, आणि तिथल्या डिपॉझिशनचं उलट आहे. कोर्टात सुनावणी उभी राहण्याआधी वकिलाच्या ऑफिसात किंवा झूमवर शपथेवर घेतलेली ही जबानी. सहसा न्यायाधीश तिथे नसतातच. प्रश्न आणि उत्तर, शब्दाला शब्द. साक्षीदार अडखळला, वाक्य अर्धं सोडून दुसरं धरलं, वकिलाने मध्येच ‘ऑब्जेक्शन, फॉर्म’ (प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर हरकत) म्हटलं, सगळं जसंच्या तसं. याला व्हर्बेटिम म्हणतात. वकिलाने डिक्टेट केलेलं पत्र असेल तर ‘अं’, ‘हं’ गाळून क्लीन कॉपी द्यायची. कुठे काय चालतं हे त्या-त्या कंपनीच्या स्टाइल गाइडमध्ये असतं. ती गाइड आधी वाचून काढा. नवी मुलं इथेच घाई करतात.

अमेरिकी बोलण्यात ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतला शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा गिळला जातो. साक्षीदार सिग्नल दिसत होता म्हणाला की नव्हता, हे त्या एका अक्षरावर ठरतं. फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तेच. अशा वेळी वेग कमी करून, हेडफोन लावून, मागचं-पुढचं वाक्य धरून ऐकायचं. तरीही लागलं नाही तर रेकॉर्डिंगमधली वेळ टाकून ‘इनऑडिबल’ (ऐकू आलं नाही) लिहायचं आणि पुढे जायचं. रिकामी जागा वकील भरून घेतो. अंदाजाने भरलेली जागा त्याच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती जास्त घातक.

सामान फार लागत नाही. कान झाकणारा चांगला हेडफोन, एक्सप्रेस स्क्राइबसारखं सॉफ्टवेअर आणि पायाने ऑडिओ थांबवायचं-मागे न्यायचं फूट पेडल. पेडल सुरुवातीला नसलं तरी चालतं, कीबोर्डच्या फंक्शन की वापरता येतात. इन्व्हर्टर मात्र हवाच. आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मी नवी फाइल घेत नाही. डेडलाइनला पुराचं कारण चालत नाही.

‘अमेरिकेचं काम म्हणजे रात्रपाळी’ हा गैरसमज कॉल सेंटरमुळे आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचं ऑफिस संध्याकाळी पाचला सुटतं तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि त्यांना फाइल हवी असते सकाळी नऊला, म्हणजे आपल्या संध्याकाळी. अख्खा दिवस आपला. पण अनेक अमेरिकी कंपन्या कोर्टाचं काम तिथल्याच रहिवाशांना देतात, त्यामुळे आपल्याकडे बरंचसं भारतीय मध्यस्थ कंपन्यांमार्फत येतं. एखाद्या कंपनीशी थेट जमलंच तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतील. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा तो कागद आहे, घाबरायचं कारण नाही.

पैशांचं गणित नीट समजून घ्या. दर ऑडिओच्या मिनिटाला असतो, तुमच्या कामाच्या मिनिटाला नाही. समजा मिनिटाला २० रुपये, म्हणजे तासाच्या ऑडिओचे १,२०० झाले. हात बसलेल्याला तेवढ्याला साधारण चार तास लागतात, म्हणजे तासाला ३००. नव्या माणसाला सात तास लागले तर तासाला जेमतेम १७० रुपये पडतात. त्यात पंख्याखाली ठेवलेला माइक आणि एकाच वेळी बोलणारी चार माणसं असली तर विचारूच नका. म्हणून दर पक्का करण्याआधी पाच मिनिटांचा नमुना मागून घ्यावा.

आणि जो आधी पैसे मागतो त्याचं काम घेऊ नका. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, सॉफ्टवेअरची फी, काहीही नाव असो. दुसरा प्रकार आणखी वाईट: ऑनलाइन करार करून घेतात, शेकडो पानं टाइप करायला देतात, मग ‘अचूकता कमी भरली, दंड भरा’ म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर येते. घाबरून पैसे भरू नका, घरच्यांपासून लपवूही नका. ओळखीच्या वकिलाला नोटीस दाखवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता आपल्या गावातल्या कामाबद्दल, कारण माझ्या मते सांगली-साताऱ्याच्या मुलांना खरी संधी तिथे आहे. हातउसने पैसे, जमिनीचे सौदे, नवरा-बायकोचे वाद, सगळ्यांत आता कॉल रेकॉर्डिंग असतं. जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सांगली आणि सातारा त्यातच येतात. वकिलाला रेकॉर्डिंगसोबत त्यातल्या बोलण्याचा टाइप केलेला उतारा लागतो, आणि तो पुण्या-मुंबईच्या टायपिस्टपेक्षा आपल्याला चांगला जमतो. फोनवर कोणी म्हणतो, ‘पैसं देतो की.’ बाहेरचा माणूस ‘की’च्या पुढे तीन टिंबं देईल, वाक्य अर्धवट राहिलं असं समजून. आपल्याला ठाऊक असतं की तिथे पूर्णविराम आहे आणि माणूस कबूल झालाय. ‘पैसं’चं ‘पैसे’ करायचं नाही, ‘न्हाई’चं ‘नाही’ करायचं नाही, शिवी असली तर शिवीसकट लिहायचं.

यात एक पथ्य पाळा. मूळ फोन आणि मूळ फाइल पक्षकाराकडे किंवा वकिलाकडेच राहू द्या, आपण प्रतीवर काम करायचं. आवाज स्वच्छ करून फाइल पुन्हा सेव्ह केली की तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, बदलते. रेकॉर्डिंग कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडतात, त्यात ती व्हॅल्यू लिहावी लागते. त्या प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. ‘तूच कर गं सही’ असं कोणी म्हटलं तर सरळ नकार द्या. उतारा आपण केला, एवढीच आपली जबाबदारी.

गुप्ततेचं पथ्य घरातच जड जातं. लॅपटॉपला पासवर्ड लावता येतो, पण ‘कुणाचा घटस्फोट चाललाय गं?’ म्हणत चहाचा कप घेऊन शेजारी बसणाऱ्या काकूला कसा लावणार? मी दार लावून घेते. काकू रागावल्या, मग सवय झाली.

मशीनचं काय, हा प्रश्न येणारच. सुप्रीम कोर्टात २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढच्या सुनावणीचा उतारा एआयने करायला सुरुवात झाली, तीही महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात. कोरा उतारा करायचं काम घटलंय हे खरं. कंपन्या मशीनचा मसुदा तपासायला देतात आणि दर कमी लावतात, ऐकावं मात्र सगळंच लागतं. मशीन अडत नाही, ‘इनऑडिबल’ लिहितानाही हात आखडता घेतं, न कळलेलं नाव ठोकून देतं. मराठी-इंग्रजी मिसळून बोलणारा साक्षीदार आला की तर बघायलाच नको. तपासण्याचं काम घ्या, पण त्याचा दर वेगळा बोलून घ्या.

सरावासाठी क्लासला पैसे घालू नका. घटनापीठाच्या सुनावण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत आणि अनेकांचे उतारे कोर्टाच्या वेबसाइटवर. दहा मिनिटं निवडा, उतारा न पाहता टाइप करा, मग दोन्ही शेजारी ठेवून तपासा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. पहिल्या कंपनीशी दर बोलताना तोच आकडा लागेल.